घरातला पारा

उन्हाळ्याच्या दिवसांत वर्तमानपत्र हाती आले की अनेकांची नजर प्रथम एका छोट्याशा चौकटीकडे वळते. नागपूर, अकोला, चंद्रपूर, जळगाव अशी गावांची नावे आणि त्यांपुढे कालचे कमाल व किमान तापमान, एवढाच मजकूर त्या चौकटीत असतो. पारा ४४ वर गेला, ४५ वर गेला, अशी चर्चा मग दिवसभर चालते. ज्या आकड्याची ही चर्चा होते तो आकडा नेमका कोठला, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. तो स्वयंपाकघरातला नसतो आणि पत्र्याखालच्या खोलीतलाही नसतो. तो वेधशाळेच्या मोकळ्या आवारातला असतो.

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ साली झाली. वेधशाळेतील तापमापक उघड्यावर टांगलेला नसतो. पांढऱ्या रंगाच्या, चारही बाजूंना झडपा असलेल्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर तो ठेवलेला असतो. एकोणिसाव्या शतकातील स्कॉटलंडचे अभियंते थॉमस स्टीव्हनसन यांच्या नावाने ही पेटी ओळखली जाते. तापमापकावर ऊन पडू नये, पण त्याच्याभोवती वारा मात्र खेळता राहावा, हा तिच्या रचनेमागील हेतू आहे. सर्व ठिकाणी मोजणीची पद्धत एकच असल्यामुळे नागपूरच्या आकड्याची तुलना अमरावतीच्या आकड्याशी करता येते. हवामानशास्त्राच्या दृष्टीने ही व्यवस्था योग्यच आहे. तथापि, माणूस त्या पेटीत राहत नाही. तो घरात राहतो आणि घराचे हवामान वेगळे असते.

हे वेगळेपण ध्यानात घेण्याची गरज आज वाढली आहे. उष्णतेच्या लाटेचा इशारा बाहेरच्या तापमानावरून दिला जातो. मैदानी प्रदेशात ४० अंश, किनारपट्टीवर ३७ अंश आणि डोंगराळ भागात ३० अंश सेल्सिअस एवढे कमाल तापमान झाल्याशिवाय तेथे उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही. इशारा मिळाला की दुपारी घराबाहेर पडू नका, असा सल्ला दिला जातो. हा सल्ला देताना घर म्हणजे सावलीची आणि गारव्याची जागा, असे गृहीत धरलेले असते. परंतु ज्या घरावर नुसते पत्रे आहेत, ज्याला एकच दार असून समोरासमोर खिडक्या नाहीत, त्या घरात दुपारी बाहेरच्या सावलीपेक्षाही अधिक उकाडा असू शकतो. अशाच घरांत बसून कोणी विड्या वळते, कोणी शिवणयंत्र चालवते, कोणी पापड लाटते. अंथरुणाला खिळलेले वृद्ध आणि तान्ही मुले तर तेथून हलूही शकत नाहीत. त्यांच्या खोलीचे तापमान कोणत्याही वर्तमानपत्रात छापून येत नाही. ते घरातच मोजावे लागते.

या कामी अलीकडे मिळणारा बिनतारी तापमापक उपयोगी पडतो. त्याचे दोन भाग असतात. एक छोटी डबी घराबाहेर ठेवायची असते. तिच्यात तापमान ओळखणारा संवेदक, म्हणजेच सेन्सर असतो. उष्णतेप्रमाणे त्याच्या विद्युतरोधात बदल होतो आणि त्या बदलावरून तापमान काढले जाते. ही डबी ठरावीक अंतराने आपले मोजमाप रेडिओलहरींद्वारे घरातील दुसऱ्या भागाकडे पाठवते. दुसऱ्या भागात स्वतःचा संवेदक असतोच. त्यामुळे त्याच्या पडद्यावर आतले आणि बाहेरचे अशी दोन्ही तापमाने शेजारीशेजारी दिसतात. बहुतेक यंत्रांत दिवसभरातील कमाल व किमान आकडे साठवले जातात. काहींत हवेतील आर्द्रताही दिसते. भिंतीला भोक पाडून तार ओढावी लागत नाही. दोन्ही भाग साध्या सेलवर चालतात.

या यंत्राचे खरे मोल त्या दोन आकड्यांतील फरकात आहे. विदर्भातील जुन्या जाणत्या स्त्रिया सकाळीच दारे-खिडक्या लावून घेत, पडदे ओढत आणि संध्याकाळी ऊन उतरले की घर उघडत. या परंपरेमागे शास्त्र आहे. विटांच्या भिंती आणि सिमेंटचा स्लॅब दिवसभर उष्णता शोषून घेतात आणि सूर्य मावळल्यानंतर ती हळूहळू घरात सोडतात. बाहेर हवा निवते, घर मात्र तापलेलेच राहते. अशा वेळी खिडकी उघडण्याची नेमकी घटका कोणती? समजा, रात्री आठ वाजता आत ३७ आणि बाहेर ३९ अंश आहेत. या वेळी खिडकी उघडली तर उष्ण हवा आत येईल. दहा वाजता आत ३७ आणि बाहेर ३४ झाले, तर खिडकी बंद ठेवणे हीच चूक ठरेल. पहाटे बाहेरची हवा सर्वांत थंड असते. तेव्हा घर मोकळे ठेवावे आणि बाहेरचा आकडा आतल्या आकड्याच्या पुढे जाऊ लागताच ते बंद करावे, इतका साधा हा नियम आहे. त्यासाठी विजेचा खर्च होत नाही, केवळ लक्ष द्यावे लागते.

पंखा आणि कूलर यांच्याबाबतही हाच विवेक उपयोगी पडतो. पंखा हवा थंड करीत नाही. तो अंगावरील घाम वाळवतो, म्हणून गार वाटते. हवाच अतिशय तापलेली असेल, तर पंखा उलट उष्णता अंगावर आणतो. खोलीचे तापमान ४० अंशांच्या वर असताना केवळ पंख्यावर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो. वैशाखातील कोरड्या हवेत तो विदर्भात उत्तम काम देतो. मात्र खोली पूर्ण बंद ठेवली की आर्द्रता वाढत जाते, घाम वाळत नाही आणि कूलर चालू असूनही जीव घाबरा होतो. आर्द्रतेचा आकडा चढताना दिसला की एखादी खिडकी किलकिली करावी, हे मग सांगावे लागत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो. उकडते आहे हे कळण्यासाठी यंत्र कशाला हवे? अंगाला घाम फुटला की ते कळतेच. हा आक्षेप निरोगी तरुण माणसाच्या बाबतीत बव्हंशी खरा आहे. उतारवयात मात्र तहानेची जाणीव मंदावते, घामही कमी येतो. आजी-आजोबा ‘मला काही होत नाही’ असे म्हणतात, ते त्यांच्या दृष्टीने खोटे नसते. परंतु त्यांचे शरीर सांगायला हवे ते सांगत नसते. तान्हे मूल तर रडण्यापलीकडे काही सांगू शकत नाही. शिवाय माणसाला सवयीने पुष्कळ गोष्टी जाणवेनाशा होतात. वर्षानुवर्षे पत्र्याखाली राहणाऱ्या कुटुंबाला तो ताप म्हणजे नशिबाचा भाग वाटू लागतो. आकडा ही सवय मोडतो.

आकड्यावर आंधळा विश्वासही नसावा. मे २०२४ च्या अखेरीस दिल्लीतील मुंगेशपूर येथील स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश तापमान दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. हवामान विभागाने प्रमाणित उपकरणाशी तुलना केली, तेव्हा तेथील संवेदक सुमारे तीन अंश अधिक दाखवीत असल्याचे आढळले. त्याच सुमारास नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद केली. तीही संवेदकातील बिघाडामुळे झाली असल्याचे विभागाने स्पष्ट केले. तज्ज्ञांच्या देखरेखीखालील यंत्रे चुकू शकतात, तर घरातले यंत्र चुकणार नाही असे कसे मानावे? म्हणून विकत आणल्यावर दोन्ही भाग एक रात्र एकाच टेबलावर शेजारीशेजारी ठेवावेत. त्यांच्या आकड्यांत लक्षणीय तफावत दिसली, तर ती लिहून ठेवून पुढे हिशेबात धरावी. बाहेरची डबी उन्हात, पत्र्यावर किंवा कूलरच्या तोंडाशी ठेवू नये. उत्तरेकडील सावलीची, वारा खेळता असलेली आणि पावसापासून सुरक्षित जागा तिला चांगली. उन्हात ठेवलेली डबी हवेचे तापमान सांगत नाही, स्वतः तापलेल्या प्लॅस्टिकचे सांगते. दोन भागांमध्ये जाड भिंती किंवा लोखंडी पत्रे आले की लहरी क्षीण होतात आणि पडद्यावर बाहेरचा आकडा येईनासा होतो, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तापमान कळले, पण ज्याच्या घराला खिडकीच नाही त्याने काय उघडावे? ज्याला कूलर घेणे परवडत नाही, त्याने तो आकडा पाहून काय करावे? मोजल्याने घर थंड होत नाही, हे निर्विवाद. मात्र जे मोजले जात नाही त्यासाठी कोणी तरतूदही करीत नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादचे तापमान ४६.८ अंशांवर गेले. त्या महिन्यात तेथे नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाल्याचे पुढे अभ्यासातून दिसून आले. ते मृत्यू मोजले गेले, म्हणूनच २०१३ साली त्या शहराचा उष्णता कृती आराखडा तयार झाला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा, ऊन परतवणारा रंग देण्याचे काम हाती घेतले गेले. छपराला चुन्याची सफेदी दिली तरी आतील तापमान काही अंशांनी उतरते. सफेदीपूर्वीचे आठ दिवस आणि नंतरचे आठ दिवस आतली-बाहेरची तापमाने वहीत लिहून ठेवली, तर तो लाभ कोणालाही पडताळून पाहता येईल.

बिनतारी तापमापक प्रत्येकाने घेतलाच पाहिजे असे नाही. एका गल्लीत, एका बचत गटात किंवा एका अंगणवाडीत मिळून एक यंत्र असले आणि ते आठवडाभर एकेका घरी फिरले, तरी पुरे. कोणत्या घराचे छप्पर आधी रंगवावे, कोणत्या वृद्धाला दुपारी शेजारच्या गार खोलीत हलवावे, शिवणकाम पहाटे करावे की रात्री, हे निर्णय मग अंदाजाने घ्यावे लागणार नाहीत. ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपालिकेकडे मागणी करतानाही ‘फार उकडते’ या शब्दांपेक्षा दिनांक, वेळ आणि तापमान लिहिलेल्या वहीला अधिक वजन येईल. अशी वही ठेवण्यासाठी मोठ्या शिक्षणाची आवश्यकता नाही. अंक वाचता आले आणि नियमितपणा अंगी असला की झाले.

नवतप्याच्या दिवसांत वर्तमानपत्रातील ती छोटी चौकट वाचली जाईलच. तिच्यातला आकडा साऱ्या गावाचा असतो. त्याच वेळी घरातल्या सर्वांत उष्ण खोलीत कोण बसले आहे आणि तेथे किती अंश आहेत, हे त्या घरातील माणसांनाही माहीत असले पाहिजे.