शिरगणतीतली माणसं गेली कुठे?

२०११च्या फेब्रुवारीत मी प्रगणक होतो. शाळा सुटली की फॉर्मांचा गठ्ठा काखेत मारून सोलापूरच्या गल्ल्या फिरायचो. माणशी २९ प्रश्न. मातृभाषेच्या रकान्यापाशी एका म्हाताऱ्या खालांनी मला अडवलं. "बेटा, घर में दखनी बोलते, बाजार में मराठी. तू क्या लिखता?" कोण त्या, ते सांगणार नाही, कायद्यानंही सांगता येत नाही. मी उर्दू लिहिलं, येणारी दुसरी भाषा मराठी लिहिली आणि अक्षर जरा नीट काढलं. वाटलं, शंभर वर्षांनी कुणीतरी हे वाचेल.

माझा समज चुकीचा होता. ते पुढे कळलं.

आमच्या मोहल्ल्यातली विणकर घरं कुठून, कधी आली याची माहिती मी जमवतोय. सोलापूरचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे: १९३०चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. फाशीच्या आदल्या दिवशीच्या रविवारी काँग्रेसनं शिरगणतीवर बहिष्काराची हाक दिली होती. पुढे सहा-सात आठवड्यांत, २६ फेब्रुवारीच्या रात्री, ती शिरगणती झाली. त्या दुखावलेल्या शहरात कुणी दार उघडलं, कुणी नाही? आमच्या गल्लीत तेव्हा कोण राहत होतं?

छापील अहवालात धर्म, जात, भाषा, धंदा यांचे आकडे मिळतात. नाव एकही नाही. मूळ कागद विचारायला एका कार्यालयात गेलो, तर तिथले कारकून हसले. त्यांचंही चूक नव्हतं. त्या काळी आकडेमोड झाली की चिठ्ठ्या रद्दीत जात. आणि आजच्या १९४८च्या जनगणना कायद्याचं कलम १५ सांगतं की या नोंदी पाहण्याचा हक्क कुणालाच नाही. किती वर्षांनी मिळेल, याचा उल्लेखही नाही. इंग्लंडनं १९२१ची शिरगणती शंभर वर्षांनी, जानेवारी २०२२मध्ये खुली केली. अमेरिकेनं १९५०ची ७२ वर्षांनी, त्याच वर्षी एप्रिलमध्ये.

हे बोललो की आमच्यातले काही म्हणतात, "सर, कुलूप आहे तेच बरं." ही भीती पोकळ नाही. १९५१ची नागरिक नोंदवही जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरूनच उतरवली होती, आणि आसामात काही दशकांनी लोकांच्या नागरिकत्वाचा निवाडा करताना तीच बाहेर काढली गेली. कागद दाखवा म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो, तो उगीच नाही.

म्हणूनच माझ्या मागण्या दोन आहेत आणि त्या एकत्रच हव्यात. शंभर वर्षं एकही पान पोलिसांना, कुठल्याही खात्याला किंवा संशोधकालाही दिसू नये. शंभर वर्षांनंतर ते पुराभिलेखागारात सगळ्यांना खुलं व्हावं. २०२७ची जनगणना मोबाइलवर होणार आहे, जातही विचारणार आहेत. आता कपाटं अपुरी पडतात ही सबब उरलेली नाही. नोंदी पुसू नयेत, हे कायद्यात आजच लिहून ठेवावं.

तोवर काय? २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा मोडी, उर्दू वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. जुन्या शिरगणतीत कुणब्यांचा आकडा होता, नावं नव्हती. नावं सापडली ती कोतवाल बुकात, शाळेच्या दाखल्यांत. आपल्याकडेही तेच आहे: शाळांचे जनरल रजिस्टर, काझींची निकाहाची दफ्तरं, कब्रस्तानच्या वह्या. आमच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरची पानं हात लावला की तुटतात. दर शनिवारी नववीची दोन मुलं आणि मी फोनवर त्यांचे फोटो काढतो.

तुमच्या घरात, मशिदीत अशी एखादी वही असेल तर रद्दीत घालू नका. वाचता येत नसेल, तर जवळच्या उर्दू शिक्षकाला दाखवा. तो नाही म्हणणार नाही.