दोन अंडी आणि कागदावरचा पक्षी



आपल्या लेकराने सगळी मुळाक्षरे न अडखळता म्हणून दाखवली, तर त्याला घरातून काय मिळते? बहुतेक घरी एक ‘शाब्बास’ मिळते आणि लगेच म्हशीला पाणी दाखवायला धाडले जाते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया प्रांतात अडीचशे वर्षांपूर्वी एका मास्तरांनी याचा नियमच करून ठेवला होता. मुलाला अक्षरे बोटाने दाखवून म्हणता आली, की बापाने त्याला एक पेनी द्यायची आणि आईने दोन अंडी तळून द्यायची!

या मास्तरांचे नाव क्रिस्टोफर डॉक. ते जर्मनीतून आलेले, मेनोनाइट पंथाचे. मोठे झाल्यावर समजून-उमजून बाप्तिस्मा घ्यावा, शस्त्र हाती धरू नये, राहणी साधी ठेवावी, असे मानणारे हे ख्रिस्ती लोक. युरोपात त्यांचा छळ झाला. १६८३ सालापासून त्यांची कुटुंबे पेनसिल्व्हेनियात येऊ लागली आणि शेतीत रमली. डॉक मास्तरांनीही मध्ये सुमारे दहा वर्षे शाळा सोडून शेती केली. १७३८ साली ते पुन्हा शाळेकडे वळले. आठवड्यातले तीन दिवस स्किपॅकला, तीन दिवस सॉल्फर्डला. इकडच्या मुलांनी तिकडच्या मुलांना पत्रे लिहायची आणि ती पोचवायला टपालवाले मास्तरच!

घरचे बक्षीस झाले. मुलाची पुढे प्रगती झाली, की मास्तरांकडून स्वतः काढलेले फूल किंवा पक्षी मिळे. तळहाताएवढा कागद, पण मूल तो जिवापाड जपे.

या जर्मन लोकांच्या अक्षरचित्रांना फ्राक्टूर म्हणतात. त्यांतली मोडल्यासारखी कोनदार अक्षरे, त्यावरून हे नाव पडले. मास्तर पिसाच्या लेखणीने मुलासाठी कित्ता लिहीत. पहिली ओळ मोठ्या, नक्षीदार अक्षरांत. खाली धर्मग्रंथातले वचन किंवा भजनाचे कडवे, त्याखाली मुळाक्षरे आणि अंक. कडेला ट्यूलिपची फुले, बदाम, रंगीत पक्षी. मूल तो पाहून अक्षर गिरवी. वळण सुधारे, वचन पाठ होई, आणि रेघ कशी ओढावी, रंग कसा भरावा हेही डोळ्यांना कळे. साध्या राहणीचे हे लोक असे कागद पुष्कळदा बायबलात किंवा पेटीत जपून ठेवत.

डॉक मास्तरांची शिकवण्याची रीत लिहून ठेवावी, असा आग्रह साउर नावाच्या छापखानदाराने धरला. मास्तरांनी १७५० साली लिहिले, पण आपलीच स्तुती होईल म्हणून छापू देईनात. अखेर १७७० साली साउरांच्या मुलाने ते पुस्तक छापले. पुढच्याच वर्षी मास्तर वारले. अंड्यांची गोष्ट आपल्याला कळली ती त्या पुस्तकामुळे.

आता खरी विचार करण्याजोगी गोष्ट ऐका. १८३४ साली त्या राज्यात सरकारी शाळांचा कायदा झाला. हळूहळू इंग्रजी शाळा आल्या, जर्मन मास्तर गेले. ही कला वाईट आहे असे कोणी म्हटले नाही, कोणी ती बंदही केली नाही. पण ती मुलाच्या हाती देणारा माणूस उरला नाही, आणि पाच-पन्नास वर्षांत शाळेतली फ्राक्टूर विझली. आज ते कागद हार्लीसव्हिल, पेन्सबर्ग अशा गावांतल्या संग्रहालयांत आहेत. एका मास्तराने एका पोराला दिलेली चिठ्ठी आता काचेमागे जपावी लागते. हातची कला हातानेच पुढे जाते, ती अशी.

म्हणून एक करून पाहा. कोरा कागद, पट्टी, काळी शाई आणि दोन-तीन रंग घ्या. पेन्सिलीने हलक्या रेघा मारा. वर मुलाचे नाव मोठ्या, जाड अक्षरांत लिहा. खाली त्याने नुकतीच पाठ केलेली एक ओळ, त्याखाली अक्षरे आणि अंक. शाई पुरती वाळली की पेन्सिलीच्या रेघा खोडा. कडेला एक फूल, एक पक्षी. पक्षी कोंबडीसारखा दिसला तरी बिघडत नाही. तो आईने किंवा बापाने काढलेला आहे, एवढे पोराला पुरते. कागदामागे तारीख घाला. त्यानंतर लेखणी पोराच्या हाती द्या आणि दुसरा कागद त्यालाच करू द्या. त्याची अक्षरे वाकडी आली तर पुसून नीट करत बसू नका.

आणि बक्षीस द्यायचे ते त्याच दिवशी द्या. अंड्यासारखेच कौतुकही गरम असतानाच गोड लागते.