शेवटचा परिच्छेद खोडा

मुलांसाठी गोष्ट लिहून झाली असेल, तर आधी तिचा शेवटचा परिच्छेद खोडा. न वाचता खोडलात तरी चालेल. बहुतेक वेळा त्यात बंटीला आपली चूक कळलेली असते, यापुढे पाणी वाया घालवायचं नाही असं त्याने मनोमन ठरवलेलं असतं आणि आईने त्याला जवळ घेतलेलं असतं. हे बंटीसाठी नसतं हो. ते पुस्तक विकत घेणाऱ्या बाबांसाठी आणि स्पर्धेच्या परीक्षकांसाठी असतं.

बालसाहित्याची खरी अडचण हीच आहे. वाचणार एक आणि पैसे देणार दुसरा. त्यामुळे लिहिणाऱ्याची नजर नकळत त्या दुसऱ्याकडे वळते आणि गोष्ट मुलाच्या डोक्यावरून मोठ्यांशी बोलायला लागते. मुलांना ते लगेच कळतं. ती तक्रार करत नाहीत, पुस्तक बाजूला ठेवून खेळायला जातात.

आता कोणी म्हणेल, मग ‘श्यामची आई’चं काय? साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या पुस्तकात उपदेश भरपूर आहे, खरंच आहे. पण आंघोळ झाल्यावर पायाला माती लागू नये म्हणून आईला धोंड्यावर लुगडं पसरायला लावणारा हट्टी श्याम आपल्याला आधी दिसतो, उपदेश मागून येतो. पोहायला घाबरून लपून बसणारा श्यामही तसाच. गुरुजींकडे सांगण्यासारखं घडलेलं होतं. आपल्याकडे पुष्कळदा नुसतं तात्पर्य असतं आणि त्याला शोभेल असा प्रसंग आपण मागाहून शोधतो.

परिच्छेद खोडल्यावर दुसरी तपासणी करा. गोष्टीतली अडचण शेवटी कोण सोडवतं? आजोबा, बाई, पोलीसकाका, नाहीतर परी? तसं असेल तर गोष्ट पुन्हा लिहायला बसा, इथे डागडुजी चालत नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजून वाचला जातो, कारण हा फुरसुंगीचा किडकिडीत पोरगा स्वतः संकटात उडी घेतो आणि स्वतःच डोकं चालवतो. मोठी माणसं मागून धापा टाकत पोचतात. तुमच्या नायिकेला चोर पकडायला लावा असं नाही. हरवलेली चप्पल शोधणं हेही सहा वर्षांच्या मुलीला पुरेसं मोठं काम आहे, फक्त ती तिलाच सापडू द्या.

मग गोष्ट मुलांना वाचून दाखवा. स्वतःच्या नको. घरच्या पोरांना तुमचा आवाज, तुमचे हातवारे आवडतात आणि तुम्हाला वाटतं गोष्टच आवडली. शेजारची, अंगणवाडीतली, वाचनालयात येणारी मुलं गाठा. वाचायला दुसऱ्या कोणाला तरी सांगा आणि तुम्ही मागे बसा. मुलं कुठे सतरंजीचे दोरे ओढायला लागतात, कुठे ‘मग?’ म्हणून पुढे सरकतात, त्याच्या खुणा हस्तलिखितावर करा. ‘आवडली का रे?’ असं मात्र विचारू नका. पाहुण्यांना ‘हो’ म्हणायचं असतं, हे त्यांना आपणच शिकवलेलं आहे. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी त्यांनाच ती गोष्ट सांगायला लावा. सांगताना ती जे गाळतील, त्यातलं बरंचसं तुम्हीही गाळलेलं बरं.

भाषेबद्दल दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. नुकतंच वाचायला शिकलेलं मूल स्वतः वाचणार असेल तर जोडाक्षरं कमी, वाक्यं छोटी आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा हवेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत. तिथे पुस्तकांच्या चार पातळ्या केल्या आहेत आणि पहिल्या पातळीचं पुस्तक साधारण २५० शब्दांच्या आत असतं. अशी पुस्तकं वाचून बघा, कमी शब्दांत लिहिणं किती कठीण आहे ते कळेल. पण जे पुस्तक आई किंवा ताई वाचून दाखवणार, त्यात अवघड शब्दाला घाबरायचं कारण नाही. ‘खडखडाट’, ‘भोपळसुती’, ‘गडगंज’ अशा शब्दांवर मुलं जीव टाकतात.

संवाद त्या घरात बोलतात तसेच लिहा. एखाद्या घरात बाबांना ‘अरे बाबा’ म्हणतात, एखाद्यात ‘अहो बाबा’. तुमचं घर कुठलं, हे आधी ठरवा. गोष्ट वऱ्हाडातली किंवा मालवणातली असेल तर बोली येऊ दे. पण ती फक्त गड्याच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी घालायची आणि नायकाला पुस्तकी मराठी द्यायची, ही आपली जुनी खोड आता सोडायला हवी.

चित्रांचं पुस्तक करायचं असेल तर चार कागद एकात एक घालून मधोमध दुमडा. सोळा पानं झाली. छपाईचा मोठा कागद असाच दुमडला जातो, म्हणून अशी पुस्तकं बहुधा १६, २४ किंवा ३२ पानांची असतात. पहिली एक-दोन पानं नावात आणि प्रकाशकाच्या मजकुरात जातात, हे धरून उरलेल्या पानांवर तुमची गोष्ट पेन्सिलीने मांडा. पान कुठे उलटतं ते बघा. दार वाजलं, ते उजव्या पानावर. दारात कोण आहे, ते उलटल्यावर. हे एकदा हाताने करून पाहिलंत की निम्मं संपादन आपसूक होतं. आणि चित्रात दिसणार ते लिहू नका. ‘लाल फ्रॉक घातलेली गोरीपान मुग्धा’ हे चित्रकाराचं काम. (गोरीपानच का, हा प्रश्न आहेच.) माधुरी पुरंदरे लिहितातही आणि चित्रंही काढतात. त्यांची पुस्तकं समोर ठेवून शब्दांनी किती सांगितलंय आणि चित्राने किती, ते पान-पान तपासा. मात्र तुम्हाला चित्रकला येत नसेल तर भाच्याकडून चित्रं काढून पाठवू नका, चित्रकार प्रकाशक निवडतो.

कविता लिहिणाऱ्यांनी टाळ्या वाजवत म्हणून बघावी. टाळी अडखळली तर ओळ मोडलेली आहे. यमकापुरता ओढून आणलेला ‘छान’ काढून टाका.

पाठवायचं कुठे? बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. कुठल्याही मासिकाला काही पाठवण्याआधी त्याचे ताजे अंक तरी वाचा. पुस्तक काढण्यासाठी जो तुमच्याकडेच पैसे मागतो, तो तुमच्यापुरता छापखाना आहे. छापून घ्यायचंच असेल तर तसा सरळ हिशोब करा आणि आयएसबीएन क्रमांकासाठी वेगळे पैसे देऊ नका, तो आपल्याकडे सरकारकडून मोफत मिळतो. प्रकाशक रीतसर करार देत असेल तर सही करण्याआधी हक्क किती वर्षांसाठी देताय ते बघा. मुदत लिहिलेली नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती पाच वर्षं धरली जाते. ‘कायमचे’ असा शब्द दिसला तर थांबा, विचारा, आणि भाषांतराचे, ध्वनिपुस्तकाचे हक्क वेगळे लिहून घ्या.