सूत्रधार राजा नव्हे, कोतवाल

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणि त्या जातीच्या खेळांत चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेका कल्पित पात्राची भूमिका घेतो, आणि उरलेला एक जण त्या पात्रांभोवतीचे सगळे जग उभे करतो. या एकाला खेळाडू ‘डंजन मास्टर’ किंवा नुसते ‘डीएम’ म्हणतात. मराठीत त्याला सूत्रधार म्हणणे योग्य, कारण तो कथेचा धागा हातात धरतो, राक्षसापासून सरायवाल्यापर्यंत सर्वांच्या तोंडून बोलतो आणि वाद उपस्थित झाल्यास नियमपुस्तकातील वाक्याचा अर्थही तोच लावतो. या शेवटच्या कामाविषयी दोन मते हिरिरीने मांडली जातात. नियमाचे अक्षर हेच अंतिम प्रमाण होय आणि सूत्रधाराने ते फक्त वाचून दाखवावे, असे पहिल्या पक्षाचे म्हणणे. सूत्रधाराचा शब्द हाच नियम होय आणि पुस्तक ही केवळ सूचना, असे दुसऱ्याचे. त्यांना अनुक्रमे अक्षरवादी आणि स्वेच्छावादी म्हणता येईल. हे दोन्ही पक्ष का टिकत नाहीत, आणि जो तिसरा पक्ष टिकतो त्याची सामग्री मराठी वाचकाच्या घरातच कशी पडून आहे, हे येथे दाखवायचे आहे.

हा वाद खेळाहून जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात धाकट्या राइसविट्झने 1824 मध्ये ‘क्रीगस्पील’ या युद्धखेळाचे नियम छापले, त्यांत तोफेच्या माऱ्यापासून सैनिकांच्या चालीपर्यंत प्रत्येक गोष्टीचे कोष्टक होते आणि पंचाने ते कोष्टक लावायचे होते. अर्धशतकानंतर, 1876 मध्ये, व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने कोष्टके बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवावा असे प्रतिपादन केले. 1974 मध्ये अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची तीन पुस्तिकांची पेटी काढली, तेव्हा हा जुना तंटाही तिच्यासोबत आला आणि आजतागायत मिटलेला नाही.

अक्षरवाद्यांचे म्हणणे वरकरणी न्याय्य वाटते, कारण नियम सर्वांना सारखे असले म्हणजे पक्षपात होत नाही. परंतु अक्षर पुरेसे असते तर खेळाडूंत प्रसिद्ध असलेली ‘शेतकऱ्यांची तोफ’ खरी ठरली असती. युद्धातील एक फेरी सहा सेकंदांची मानली जाते आणि त्या अवधीत प्रत्येकाला आपल्या पाळीस एक कृती करता येते. तेव्हा पाच-पाच फुटांवर एक हजार शेतकरी रांगेत उभे केले आणि प्रत्येकाने हातातली काठी पुढच्याला दिली, तर काठी सहा सेकंदांत पाच हजार फूट जाते. येथवर अक्षराचा आधार आहे. मग तिला तोफगोळ्याचा वेग आला म्हणून तिने किल्ल्याचा तट फोडावा, असा दावा पुढे येतो; मात्र काठी सोडणाऱ्या शेवटच्या माणसाच्या वेळी अक्षरवादी नियमपुस्तक मिटतो आणि पदार्थविज्ञानाचे पुस्तक उघडतो. ज्या वाक्याचा अर्थ सोयीचा तेवढेच वाक्य वाचणे, याला अक्षरनिष्ठा म्हणता येत नाही.

शिवाय नियमाचे अक्षरच पुष्कळदा निर्णय सूत्रधाराकडे सोपवते. धाराशिव जिल्ह्याच्या परांडा तालुक्यातील सोनारी हे काळभैरवनाथाचे क्षेत्र आणि तेथील वानरे दोन्ही प्रसिद्ध आहेत. समजा, एखाद्या सूत्रधाराने आपली कथा तेथे बेतली, देवळातील घंटा रात्रीतून नाहीशी झाली, आणि एका खेळाडूच्या पात्राने प्राण्यांशी बोलण्याचा मंत्र घालून शिखरावरच्या वानराला चोर कोण ते विचारले. खेळाच्या 2014 च्या नियमपुस्तकातला या मंत्राचा नियम सांगतो की दहा मिनिटे प्राण्याचे बोलणे समजते. प्राण्याचे ज्ञान त्याच्या बुद्धीपुरतेच असते, पण निदान जवळपासच्या जागांची आणि गेल्या दिवसभरात त्याच्या दृष्टीस वा कानावर आले त्याची माहिती तो देऊ शकतो. आणि एखादे लहानसे काम त्याच्याकडून करवून घेता येईल की नाही, हे सूत्रधाराच्या मर्जीवर आहे. एकाच परिच्छेदात बंधन आणि मोकळीक शेजारी-शेजारी बसली आहेत. रात्री घंटा कोणी नेली हे वानराने पाहिले असेल, तर ‘मला काही ठाऊक नाही’ असे त्याच्या तोंडी घालण्याचा अधिकार सूत्रधाराला नाही; वानराने चोराचे नाव, गाव सांगितलेच पाहिजे असा हट्ट धरण्याचा अधिकार खेळाडूला नाही, कारण वानराला दिसला तो लाल पटक्याचा, केळी न देणारा माणूस; आणि चोराची झोळी पळवून आणण्याचे काम वानर करील की नाही, एवढेच सूत्रधाराच्या हाती उरते. अक्षरवाद्याला या परिच्छेदाचा उत्तरार्ध वाचता येत नाही आणि स्वेच्छावाद्याला पूर्वार्ध.

वाक्याचा अर्थ कोणत्या क्रमाने लावावा, याचे शास्त्र भारतात दोन हजार वर्षे मांडले जात आहे. वेदवाक्यांचा अर्थ निश्चित करणारे शास्त्र ते मीमांसा. जैमिनीची सूत्रे हा तिचा पाया. मीमांसक वाक्यांत विधी आणि अर्थवाद असा भेद करतात: अमुक करावे असे सांगते ते विधिवाक्य, आणि त्याची नुसती स्तुती किंवा वर्णन करते तो अर्थवाद. अर्थवाद स्वतंत्रपणे आज्ञा देत नाही, पण विधीत संदेह असल्यास तो फेडतो. अग्निचयनाच्या विधीत माखलेले खडे मांडावेत असे सांगितले आहे, पण कशाने माखलेले, तेलाने की चरबीने की तुपाने, हे सांगितलेले नाही. पुढच्या वाक्यात तुपाची स्तुती येते, आणि तिच्यावरून खडे तुपाने माखायचे हे ठरते. आता ‘फायरबॉल’ या सुपरिचित मंत्राकडे पाहावे. दीडशे फुटांपर्यंतचा बिंदू निवडता येतो, त्याभोवती वीस फूट त्रिज्येत आग उसळते, सहा बाजूंचे आठ फासे टाकून इजा मोजली जाते, हे झाले विधी; बोटाच्या टोकापासून त्या बिंदूपर्यंत तेजाची रेघ चमकून जाते, हा अर्थवाद. मंत्राला लक्ष्यापर्यंत वाट मोकळी लागते असा सामान्य नियम आहे. पण मध्ये बंद काचेचे तावदान असेल, पलीकडचे दिसत असेल, तर वाट मोकळी मानायची की अडलेली, यावर तासन्‌तास वाद चालतात. अर्थवाद शोभेचा समजून वगळला तर हा वाद मिटत नाही. रेघ बोटापासून निघून जाते असे वर्णन आहे, म्हणजे काहीतरी प्रत्यक्ष प्रवास करते आणि काच त्याला अडवते, असा निर्णय मीमांसक पद्धतीने सहज देता येतो.

सामान्य नियमाला विशेष नियम बाधतो, हे तत्त्व 2014 च्या खेळाडू-ग्रंथाच्या प्रस्तावनेतच सांगितलेले आहे. वीस बाजूंच्या फाशावर एक पडला की वार हुकतो, हा सामान्य नियम. पात्र ‘हाफलिंग’ या ठेंगण्या जमातीचे असेल तर एक पडलेला फासा पुन्हा टाकता येतो, हा विशेष. व्याकरणशास्त्रात यांना उत्सर्ग आणि अपवाद म्हणतात, आणि अपवाद उत्सर्गाहून बलवान कसा व कुठवर, याची चर्चा काशीत राहिलेल्या नागेशभट्ट काळे या महाराष्ट्रीय वैयाकरणाने ‘परिभाषेन्दुशेखर’ या ग्रंथात केली आहे.

स्वेच्छावाद्यांचा युक्तिवाद अधिक मोहक आहे. कथा रंगली पाहिजे, ती रंगवण्याची जबाबदारी सूत्रधाराची, म्हणून नियम वाकवण्याची मुभाही त्याची, असे ते म्हणतात. पण जिवंत, उत्स्फूर्त कथनाची जी परंपरा तुळजापूरच्या परिसरात नांदते, त्या गोंधळाचा दाखला त्यांच्या विरुद्ध जातो. गोंधळात नायक आख्यान लावतो, साथीदार मध्येच शंका काढतो, टोमणा मारतो, आणि नायक जागच्या जागी उत्तर देतो. हे संवाद पाठ केलेले नसले तरी देवतांना आवाहन आधी, आख्यान नंतर, शेवटी आरती, हा क्रम नायक आपल्या लहरीने बदलत नाही. चौकट स्थिर आहे म्हणून साथीदाराला खोडी काढता येते.

स्वेच्छावाद्यांची खरी कसोटी फाशापाशी लागते. पडद्याआड फासा टाकायचा, नको तो आकडा पडला की हवा तो सांगायचा, ही त्यांची आवडती युक्ती. याज्ञवल्क्यस्मृतीने वादात लेख, भोगवटा आणि साक्षीदार ही तीन प्रमाणे सांगून, यांपैकी एकही नसेल तरच दिव्य, म्हणजे दैवी कसोटी, करावे असे म्हटले आहे. आणि या स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वराने धाराशिवच्या पूर्वेकडील कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, चालुक्य विक्रमादित्य सहाव्याच्या राज्यात लिहिली. फासा हे या खेळातले दिव्य होय. नियमाने, वर्णनाने किंवा आधीच्या निवाड्याने जे ठरते तेथे तो टाकूच नये. उघड्या दारातून आत जायला फासा कशाला? परंतु एकदा दिव्य नेमले की तापल्या तेलातून हात बाहेर आल्यावर निकाल फिरवता येत नाही. खेळाडूंकडूनही उलटा हट्ट होतो, तो म्हणजे वीस पडले की काहीही साधले पाहिजे. वास्तविक 2014 च्या नियमांत वीस पडल्याने खात्रीने लागतो तो फक्त वार, आणि राजाला सिंहासन सोडायला लावण्याच्या प्रयत्नाला ती सवलत नाही.

तेव्हा सूत्रधाराचे स्थान कोणते? काळभैरवाला परंपरेने काशीचा कोतवाल म्हटले आहे. सोनारीच्या भैरवनाथाच्या भक्ताला हे पद समजावून सांगावे लागत नाही: कोतवालाच्या हाती दंड असतो, रात्रीची गस्त असते, जागच्या जागी निर्णय घेण्याचा अधिकार असतो, पण नगरीचा कायदा तो स्वतः रचत नाही आणि नगरी त्याच्या मालकीची नसते. सूत्रधाराने कोतवाल व्हावे. खेळ थांबू नये म्हणून त्याने तत्काळ निर्णय द्यावा, तो सर्वांनी त्या बैठकीपुरता मानावा, आणि बैठक संपल्यावर त्याची चर्चा करून तो लिहून ठेवावा. मराठेशाहीत गोतसभेचा निवाडा महजरात लिहिला जाई, त्यावर हजर असलेल्यांची नावे येत, पाटील नांगराची निशाणी करी, आणि पुढे तोच तंटा उठला तर जुना महजर काढून दाखवला जाई. खेळाच्या टेबलावर असा एक महजर, साध्या वहीत का होईना, असला पाहिजे. आज काचेने रेघ अडवली तर पुढच्या महिन्यात शत्रूच्या मंत्रालाही तीच काच अडवेल, ही हमी त्यातून मिळते. ज्या सूत्रधाराला अशी वही नको असते, त्याला स्वातंत्र्य हवे आहे की कालचा निवाडा विसरण्याची सोय, हे खेळाडूंनी विचारून घ्यावे.

हा खेळ परका, त्याची परिभाषा इंग्रजी, म्हणून मराठीतून त्याचा न्याय करता येणार नाही, अशी एक शंका उरते. तिला फार वेळ देण्याचे कारण नाही. विधी, अर्थवाद, उत्सर्ग, अपवाद, दिव्य, महजर हे शब्द वर कामास आले ते अलंकार म्हणून नव्हे, त्यांच्यावाचून निर्णय सांगता आला नसता म्हणून. या खेळाचे मूलभूत नियमसार जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहे. ते मराठीत उतरवून छापायला कोणाची परवानगी लागत नाही, फक्त मूळ कर्त्यांचे श्रेय नोंदवावे लागते.