विश्लेषण : ग्रेनेडाइन्सचा समुद्र सर्वांचा, जमीन कुणाची?

कॅरेबियनमधल्या छोट्या बेटांचे फोटो पाहताना नजर निळ्या पाण्यावरच खिळते. त्या पाण्यामधली जमीन कुणाची, हे फोटोत दिसत नाही. सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनेडा यांच्यामध्ये पसरलेल्या ग्रेनेडाइन्स बेटांवर मात्र तोच प्रश्न कळीचा आहे.

बेटांचे मालक कोण?

उत्तरेकडची बेटे सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडाइन्स या देशाची, तर दक्षिणेकडची कॅरिआकू आणि पेटीट मार्टिनिक ही बेटे ग्रेनेडाची. हे झाले नकाशावरचे. प्रत्यक्षात मस्टिक हे बेट १९५८ मध्ये कॉलिन टेनंट या ब्रिटिश उमराव घराण्यातल्या माणसाने विकत घेतले. तिथला एक भूखंड राजकन्या मार्गारेटला लग्नाची भेट म्हणून मिळाला. आज बेटाचा कारभार एक खासगी कंपनी पाहते. पाम आयलंड तर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने गेले, तेही वर्षाला एक डॉलर भाड्याने! कनुआनवर रिसॉर्टमुळे किनाऱ्यावर जाण्याची वाट अडते म्हणून स्थानिकांना आंदोलन करावे लागले. परदेशी भांडवलाने रोजगार येतो हे खरे. पण गावकऱ्याला स्वतःच्याच किनाऱ्यावर जायला परवानगी मागावी लागत असेल, तर तो सौदा महागच म्हणायचा.

‘बेरिल’ने काय केले?

१ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ हे चक्रीवादळ कॅरिआकूवर धडकले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर होता. शेजारच्या युनियन आयलंडवरची जवळपास ९० टक्के घरे मोडली किंवा त्यांचे मोठे नुकसान झाले. अनेक कुटुंबांना बोटीने सेंट व्हिन्सेंटला हलवावे लागले. श्रीमंतांच्या बंगल्यांना विमा असतो. मासेमाऱ्याची होडी गेली की त्याची रोजीरोटीच जाते.

जायचे कसे, पैसा कुठे खर्चायचा?

भारतीय पर्यटकांना सेंट व्हिन्सेंटसाठी आगाऊ व्हिसा लागत नाही. पण भारतातून थेट विमान नाही. अमेरिका, कॅनडा किंवा ब्रिटनमार्गे जावे लागते आणि खरी अडचण तिथल्या ट्रान्झिट व्हिसाची असते. वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर, त्यामुळे डिसेंबर ते मे हा काळ बरा. राजधानी किंग्सटाउनहून बेक्वियाला फेरीबोटीने साधारण तासभर लागतो. तिथे घरगुती गेस्टहाउस मिळतात.

टोबॅगो केज ही पाच निर्मनुष्य बेटे म्हणजे सागरी उद्यान. हिरवी कासवे, प्रवाळ आणि ‘पायरेट्स ऑफ द कॅरेबियन’मध्ये दिसलेले पेटीट टबॅक बेट इथलेच. पर्यटकांना इथे फिरवणारे आणि वाळूत लॉब्स्टर भाजून देणारे नावाडी बहुतेक युनियन आयलंड आणि मेरोचे. मोठ्या क्रूझचे पॅकेज घेतले, तर जेवण, मुक्काम सगळे जहाजावरच होते आणि या नावाड्यांच्या हाती फारसे काही लागत नाही. बुकिंग करण्यापूर्वी बोट कुणाची, हे जरूर विचारावे.