सेवाशुल्क कुणाच्या सेवेचे?

तारांकित हॉटेलच्या खोलीत चहाचा ट्रे पोचवतो वेटर; बिलावरचे सेवाशुल्क मात्र जमा होते मालकाच्या गल्ल्यात. जेथे युनियन नाही, तेथे त्यातले वेटरला किती द्यायचे हे मालकच ठरवतो. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हे शुल्क बिलात परस्पर लावण्यास मनाई केली. मालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या; २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली. ग्राहकाला न्याय मिळाला, पण वेटरचे काय? शुल्क गेले तर कामगार उपाशी मरेल, असा टाहो मालकवर्ग फोडतो. हा कळवळा खरा असेल, तर त्यांनी पगार वाढवावेत. बक्षिशी ही दया आहे. वेतन हा हक्क आहे. आणि हक्क संघटनेवाचून मिळत नसतो!