‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला बंद करा

मा. आयुक्त, दिव्यांग कल्याण आयुक्तालय, पुणे यांस,



मी पेण तालुक्यातल्या गडबची. आमच्या आळीत एक बौद्धिक दिव्यांग मुलगी आहे. तिला पाळी आल्यापासून तिच्या आईला जो तो सांगतो, “पिशवी काढून टाक, सुटशील.” सांगणारी माणसं मायेचीच असतात, म्हणून तर भीती वाटते.

1994 च्या फेब्रुवारीत शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण दिलं स्वच्छतेचं. ओरड झाल्यावर पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. अवयव गेला मुलींचा, सोय झाली सांभाळणाऱ्यांची.

दुसरं कारण दबक्या आवाजात देतात: उद्या कुणी हात टाकला तर? पिशवी काढल्याने हात टाकणारा थांबत नाही. त्याचा गुन्हा तेवढा पोटातून दिसत नाही.

या सल्ल्यामागचा विचार जुना आहे. मूल कुणाला व्हावं नि कुणाला होऊ नये, हे तिसऱ्यानेच ठरवायचं, हा ‘निवडक’ प्रजा घडवू पाहणाऱ्या सुप्रजननवाद्यांचा हट्ट होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1927 मध्ये सक्तीच्या नसबंदीवर शिक्कामोर्तब केलं; जर्मनीत 1933 मध्ये तसा कायदा झाला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र 2009 मध्ये, सुचिता श्रीवास्तव प्रकरणात, सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या स्त्रीचा गर्भ तिच्या संमतीवाचून पाडू दिला नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 10 म्हणतं, समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारे उपचार करायचे नाहीत. याच कायद्यात दिव्यांग स्त्रीचा बेकायदा गर्भपात केल्यास 6 महिने ते 5 वर्षं कैद आहे. कलम 10 मोडलं तर पहिल्या खेपेला फक्त 10,000 रुपयांपर्यंत दंड. ही तफावत दूर करण्याची शिफारस आपण सरकारला करावी. दिव्यांग मुलींच्या गर्भाशयाच्या प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद, कारण आणि संमतीसह, रुग्णालयांकडून मागवावी.

आणि आईलाही हात द्यावा. आमच्या आळीतली ही मुलगी आता कालनिर्णयच्या चौकटीत लाल टिकली चिकटवते, पॅड कागदात गुंडाळून वेगळ्या डब्यात टाकते. आईने आणि आशाताईंनी तिला महिनोन्महिने शिकवलं, कुठल्याही योजनेविना. ते प्रशिक्षण गावोगावच्या आशाताईंना द्या. तोवर थकलेल्या आईला दोष देण्याचा अधिकार आपल्या कुणालाच नाही.

आपली,
गडबची एक रहिवासी